बुडालेल्या नावेचा आवाज

४ फेब्रुवारी

प्रयोगातला माझा जोडीदार प्रमोद आज बंगळुरूला गेला. नोकरी लागली त्याला तिकडे. "प्रयोग एकटी पूर्ण करशील ना, दीक्षा?" – बसच्या पायरीवरून विचारलं. करीन म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आता सिद्धेश्वर धरणावर मी, यंत्रं आणि नाववाले फुलसिंगकाका.

७ फेब्रुवारी

काका नाव वल्हवतात, मी यंत्र सोडते. एरवी गप्पच असतात. आज विचारलं, "ताई, हे पाण्यात काय सोडून राहिल्या तुमी?"

सांगितलं – पाण्यात मोबाईलची रेंज चालत नाही, गढूळ पाण्यात उजेडही पोचत नाही. आवाज मात्र लांब जातो. तळाशी ठेवलेली पेटी तिथली खोली, तिथलं तापमान आवाजात घालून पाठवते. चिवचिव केल्यासारखं. नावेवरून पाण्यात सोडलेला माईक ते ऐकतो आणि लॅपटॉपवर आकडे उमटतात.

"मंजे खालची खबर वर येती."

"हो, काका."

परतताना एकदम म्हणाले, "आमचा हरिचंद ह्याच पाण्यात गेला. जाळं सोडवाया उतरला, वर आलाच न्हाई. एकुलतं लेकरू."



८ फेब्रुवारी

एक पेटी काकांच्या नावेच्या बुडाला बांधली. चालत्या नावेवरून आकडे येतात का, ते बघायचंय.

१६ फेब्रुवारी

रविवार. दिवसभरात एकच शब्द बोलले. दुकानात – "दूध". माझं गाव पुसेगाव इथून काही लांब नाही, पण आई गेल्यापासून घराला कुलूप आहे. कुलूप बघायला कशाला जायचं?

२१ फेब्रुवारी

काकांनी जेवायला बोलावलं. जिवनकाकूंनी ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी केली होती. किती दिवसांनी कुणीतरी ताटात वाढलं.

पण नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत. मधे मी.

"ताई, हिला सांगा, कुठंबी जाऊ, मजुरी करू. हितं आता जीव लागंना."

"त्याईला म्हणावं, लेकरू हितं हाय. मी कुठं जाऊ?"



३ मार्च

काका पहाटे जाळी बघायला गेले ते परतलेच नाहीत. सकाळी वारा फार सुटला होता. पोलीस, गावातली माणसं, सगळे धरणाच्या भिंतीकडे शोधतायत, कारण वारा तिकडे वाहत होता.

दुपारी डोक्यात आलं – नावेला पेटी आहे. माईक पाण्यात सोडला. चिवचिव आली. अगदी स्वच्छ. लॅपटॉपवर खोली – अकरा मीटर.

म्हणजे नाव तळाशी आहे.

४ मार्च

भावसिंगच्या नावेतून निघालो. तेही मासे धरतात, काकांचे जुने सोबती. पेटीला हाक दिली की ती उत्तर देते, उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. तीन ठिकाणांहून अंतर काढलं, नकाशावर वर्तुळं काढली. तिन्ही जिथं मिळाली ती जागा भिंतीपासून लांब, पलीकडच्या काठाजवळ. पोलिसांना पटत नव्हतं. भावसिंग म्हणाले, "पोरगी बराबर सांगून राहिली. उतरा."

नाव तिथंच निघाली. वल्हं नावेलाच बांधलेलं, जाळंही. काका नाहीत.

माझा प्रयोग यशस्वी झाला. हे कुणाला सांगू?

६ मार्च

शोध चालूच. मी काठावर कानाला हेडफोन लावून बसलेली. काकू शेजारी येऊन बसल्या.

"तुझ्या यंत्राला माणूस ऐकू येतो का गं?"

"नाही, काकू."

"मंग ऐकत काहून बसलीस?"

काकू उठल्या नाहीत. दिवस मावळेपर्यंत दोघी तशाच बसून.

९ मार्च

शोध थांबवला. देह गाळात अडकला असेल म्हणतात. बायका कुंकू पुसायला आल्या, काकूंनी हात झटकला. "डोळ्यानं बघितल्याबिगर न्हाई."

औंढ्याची भाड्याची खोली सोडली. काकूंकडेच राहायला आले. त्यांनी ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

१४ मार्च

अनोळखी नंबरवरून फोन. "ताई, मी फुलसिंग बोलून राहिलो. नाव मीच बुडवली, पोहून निघालो. त्या पाण्यावर रोज जाणं व्हईना माझ्याच्यानं. जिवनीला सांगू नका. मेलो म्हणूनच राहू द्या."

काकू दारात तांदूळ निवडत होत्या. मी फोन त्यांच्या कानाला लावला. त्यांचा हात सुपातच थांबला. पलीकडून काका बोलतच होते.