गटाराला साच्याचा नंबर

लालबाग, तिसरा मजला, कठड्याजवळ

चिरंजीव धोंडू यास भिवादादाचे पोटभर आशीर्वाद.

तुला वाशीची हवा मानवली असेल आणि खाडीच्या वाऱ्याने सौ. ललिताचा खोकला पळाला असेल, असं मी इथून धरून चाललो आहे. इकडे सुंदरामावशी (म्हणजे तुझी आई, मी मावशी म्हणतो म्हणून तू विसरू नकोस) बरी आहे. पाय सांधला. पण गटारात पडल्यापासून ती जिन्याखाली उतरलेली नाही, आणि तू रविवारी टेम्पो आणून तिला कायमची वाशीला नेणार, असं तुझं पत्र आलं. ते वाचून मला दुपारी जेवण गेलं नाही. (रात्री गेलं. बांगडा होता. माझंही रांधते तीच, पण बाजार आता मी करतो, त्यामुळे मावशीच्या मते तो बांगडा मलाच शोभेसा होता.) तेव्हा टेम्पो ठरवण्याआधी मी या गटारापायी काय काय केलं ते ऐकून घे.

गटार तुझ्या ओळखीचंच, चाळ आणि बंद गिरणीची भिंत यांच्यामधल्या गल्लीतलं. त्याच्यावरची लादी फुटली. मी आधी वॉर्ड ऑफिसात गेलो, तर गल्ली गिरणीची आहे असं कळलं. गिरणीच्या गेटावर एक रखवालदार तेवढा उरला आहे. तो म्हणाला, गिरणी आता कोर्टात आहे आणि कोर्ट काही गटारात उतरणार नाही. चाळींच्या दुरुस्ती मंडळात गेलो, तर त्यांची हद्द आपल्या जिन्याच्या शेवटच्या पायरीला संपते. पुढचं पाऊल कोणाच्या हद्दीत पडतं ते त्यांना ठाऊक नाही. (मावशीला विचारा म्हणालो, तिला ठाऊक आहे.) शेवटी सगळ्या महानगराचा आराखडा करणाऱ्या मोठ्या ऑफिसात गेलो. केवढा तो नकाशा! वसईपासून उरणपर्यंत हिरवा, पिवळा, गुलाबी. साहेब फार गोड माणूस. त्याने मला शेजारी बसवून पुढे लालबाग कसं दिसेल ते बोट फिरवून दाखवलं. त्यात आपलं गटार नव्हतं. (आपली चाळही नव्हती, पण मी तो विषय काढला नाही.)

संपात गिरणी बंद पडल्यापासून दुपार फार लांब झाली आहे. भोंगा नाही, त्यामुळे दुपार कुठे थांबवायची ते तिला कोणी सांगत नाही. कठड्याशी चटई टाकून पडलं की थंड चिमणीच्या टोकावर बसलेली घार दिसते, आणि तिच्याकडे बघता बघता डोळा लागतो. त्या दिवशी असाच लागला, तर आपल्याच साचेखात्यात, मागांच्या रांगांमध्ये, सगळ्या महानगराची सभा भरलेली. माझगावचा कोणी हर्बर्ट आला होता, वरळी कोळीवाड्याची कोणी सोनूबाई टोपलीसकट आली होती, भिवंडी, विरार, तुझी वाशी, सगळे. सगळ्यांचं मिळून एकच सरकार, आणि प्रत्येक सभासदाच्या नावावर एक साचा. घडीखात्यात तपासायला कापडाचा ताका उजेडापुढे धरायचे ना, तसा एकेक रस्ता, एकेक नळ उजेडापुढे धरत होते. ठाण्याचा रस्ता धरला, तर भोकांतून एवढं ऊन आलं की सोनूबाईने डोळ्यांवर पदर घेतला. पण कापडावर असायचा तसा काठावर विणणाऱ्या साच्याचा नंबर होता. तो वाचला, तसा एक सभासद उठला, माझं काम आहे म्हणाला आणि दुरुस्तीला निघून गेला. कोणी ओरडलं नाही. मला झोपेत रडू आलं रे. आपण उभा जन्म कापड विणलं, एक धागा तुटला तर खात्यात बोलावून आपल्याला तो दाखवायचे. आणि एवढ्या मोठ्या शहरात बोलावून दाखवावं असा एक माणूस नाही.

उठलो तो तडक रंगाचा डबा घेऊन खाली गेलो आणि नमुना म्हणून गटाराच्या काठावर ठळक २१४ काढला. तो माझ्याच साच्याचा नंबर. (दुसरा पाठ नव्हता.) आता मुंबईत भिंतीवर रंगाने नंबर पडला की त्याचा अर्थ काय होतो, हे मी झोपेच्या भरात विसरलो. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं की मोजणी आली, ज्याला नंबर त्याला नव्या इमारतीत खोली. तळमजल्यावरच्या बाबुरावने पत्रे ठोकून आपलं घर गटारापर्यंत आणलं आणि २१५ मागितला. मंजुळावहिनींनी पोटमाळ्यासाठी वेगळा नंबर मागितला. ज्या दारावरून जावं तिथे मला चहा. मीही नको म्हणालो नाही.

ही बातमी ऑफिसांत पोचली. आपल्याला सोडून दुसऱ्याच कोणी मोजणी केली, या धास्तीने वॉर्डाचा, मंडळाचा आणि मोठ्या ऑफिसचा असे तिन्ही साहेब एकाच सकाळी गल्लीत हजर. एका गटाराभोवती तिघे एकत्र! मला वाटलं, सभा भरली. नंबर कोणाचा, असं त्यांनी विचारलं. मी छाती काढून म्हणालो, माझा. तेव्हा तिघांच्या चेहऱ्यांवर जे समाधान पसरलं, ते मी देवळातही पाहिलेलं नाही. मोठे साहेब मायेने म्हणाले, "नंबर तुमचा, म्हणजे गटार तुमचं." आणि तिघे एकाच टॅक्सीत बसून गेले.

तर आता वसईपासून उरणपर्यंत जबाबदार माणूस असा एकच आहे, आणि तो मी. लोक तक्रारी घेऊन येतात. मी कठड्यावर बसून ऐकतो, मान डोलावतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. परवा जेवताना मावशीने विचारलं, लादी कधी बसणार. माझ्या तोंडून निघून गेलं की विचार चालू आहे. तिने भाकरी वाढली नाही, ताटात टाकली.

ललिताला आशीर्वाद, पोरांना पापे.

तुझा,
भिवादादा

ता. क. रविवारी ये, पण टेम्पो नको. तुमच्याकडे जिकडे तिकडे बांधकामं चालू आहेत, अर्धी गोण सिमेंट घेऊन ये. मावशी गेली तर या मजल्यावर मला जेवायला हाक मारणारं कोणी उरत नाही. एवढं सगळं लिहिलं आणि हेच लिहायचं राहिलं.

आणखी ता. क. पत्र मावशीला वाचून दाखवलं. सरकारचं सगळं तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी दोघव माका खंय ठेवचा ता ठरवतास. माका खंय ठेवू नकात. माका बाजारात जावचा आसा." धोंडू, तिला हे तूही विचारलं नव्हतंस आणि मीही नाही. अख्खी गोण आण.