निळ्या खडूचे शब्द

२२ मार्च

"तुला नाही समजत आई, तू फक्त सही कर." प्राची पाचवीत असताना म्हणाली होती. शाळेचा इंग्रजीतला कागद होता, सहलीचा असावा. तिला खेळायला जायचं होतं, म्हणून घाई. मी सही केली.

आज हे का आठवलं ते मला माहीत आहे. प्राची दीड वर्षापासून आखातात एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिथून शेजारच्या देशावर बॉम्ब पडायला लागून आठ दिवस झाले. आपल्या चॅनलवर आगीचे तेच तेच तुकडे आणि आरडाओरडा, तिच्या शहराचं नाव कोणी घेत नाही. ती फोनवर म्हणते, "सगळं ठीक आहे." तीन शब्द, रोज तेच.

२३ मार्च

वानखडे सर पेपर घेऊन माझ्या शिलाईच्या दुकानात बसले होते. आमच्याच वरच्या खोलीत राहतात, हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. त्यांचा इंग्रजी पेपर यवतमाळहून बसने येतो. म्हटलं, सर, वाचून झाला की मला द्या, आणि रोज एक शब्द शिकवा.

"वंदनाबाई, आता? या वयात?" म्हणाले, मग स्वतःच ओशाळले. चष्मा पुसत म्हणाले, "जमेल. युद्धाच्या बातमीत शब्द थोडेच असतात. तेच तेच येतात."

ठरलं. रोज सकाळी कटिंगच्या टेबलावर निळ्या खडूने एक शब्द लिहायचा. कापडं कापता कापता दिवसभर डोळ्यांखाली राहतो. दुकान बंद करताना पुसायचा. पहिला शब्द एअरस्पेस.

२७ मार्च

एअरस्पेस, शेल्टर, सोर्सेस, टार्गेट. सर पेन्सिलीने खूण करून देतात. बातमी अजून समजत नाही, पण त्यात ओळखीची माणसं दिसावीत तसे हे चार शब्द दिसतात. गर्दीत बरं वाटतं.

३० मार्च

प्राचीचा फोन. "विमानं बंद आहे न आई, नाहीतर आलीच असती." मी म्हटलं, हो, एअरस्पेस क्लोज्ड. ती हसली. "अय्यो, कोणी शिकवलं तुला?" खूप दिवसांनी खरी हसली. जेवली का विचारलं, तर नळ चालू झाल्यासारखी हॉस्पिटलच्या भाजीला नावं ठेवत राहिली. बरं वाटलं. विमानं बंद आहेत म्हणजे तिच्या हातात काही नाही, माझ्याही नाही.

३ एप्रिल

चौदा एप्रिलच्या जयंतीची ऑर्डर आली. महिला मंडळाचे बावीस पांढरे ब्लाउज, तेरा तारखेपर्यंत. ऊन असं की दुपारी मशीनचं लोखंड हाताला चटका देतं.

आजचा शब्द अनकन्फर्म्ड. दुजोरा नसलेली बातमी. प्राचीचं "सगळं ठीक" यातच बसतं.

८ एप्रिल

माझ्या हातून असं कधी होत नाही.

टेबलावर सगळीकडे पांढरं कापड, लिहायला जागाच नव्हती. बाजूला एक तुकडा दिसला, चिंधी समजून त्यावर शब्द लिहिला. सीझफायर. ती चिंधी नव्हती, शेवंतामावशींच्या ब्लाउजची पाठ होती. शिवला, उलटा करून इस्त्री मारली, तेव्हा दिसलं. मेणाचा खडू इस्त्रीने पक्का बसतो, हे मीच शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. साबण लावला, लिंबू लावलं. नाही गेला. मंडळाचं कापड संपलंय.

९ एप्रिल

लपवण्यात अर्थ नव्हता. शेवंतामावशींना बोलावून दाखवलं. सत्तरीच्या आहेत, मंडळात सगळ्यांत मोठ्या. भीती वाटत होती.

"वंदने, माह्या पाठीवर काय लिवलं व हे?"

"सीझफायर. लढाई थांबवणं."

"मंग थांबली काय?"

"नाही ना."

"म्हंजे तिथं नाही जमलं त माह्या पाठीवर थांबवली तुनं!" इतक्या हसल्या की ठसका लागला. माझ्या कापडाचा नवा शिवून देते म्हटलं, तर ऐकेनात. "राहू दे. आतून हाय, कोण पाह्यते? अन् कोनी पाह्यलं त सांगीन, माही टेलर इंग्लिश शिकून राह्यली." मग जाताना हळूच, "पोरगी कशी हाय?"

सगळं ठीक आहे, म्हटलं. मीही तेच तीन शब्द.

११ एप्रिल

प्राचीने फोटो पाठवला. मैत्रिणीचा निरोप, वॉर्डात केक, चौघीजणी. मागे भिंतीवर एक कागद चिकटवलेला. निरोप कसा? विमानं तर बंद आहेत.

फोटो मोठा केला. सरांना विचारायचं नव्हतं. डिक्शनरी घेऊन तासभर बसले. तारीख गेल्या महिन्याची. भारतात परत जाणाऱ्या खास विमानाचा कागद होता. जाणं व्हॉलंटरी. हा शब्द नवा. ज्याच्या त्याच्या मर्जीने. ज्यांना जायचं त्यांनी खाली नाव लिहावं.

खाली अकरा नावं. तिचं नाही. चार वेळा मोजली, प्रत्येक नावावर बोट ठेवून.

१२ एप्रिल

एका ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. उसवल्या.

१३ एप्रिल

सकाळी फोन केला. म्हटलं, भिंतीवरचा कागद वाचला मी.

ती म्हणाली, "तू कधीपासून वाचायला लागली व आई?"

"खोटं काहून बोलली?"

"तुला झोप लागावी म्हणून." मग एकदम भराभर, "वॉर्डात आम्ही सहा होतो. चौघी गेल्या. मी अन् एक केरळची राहिलो. पेशंट बेडवरून उठू नाही शकत. सायरन वाजला की त्यांना खाली नेता येत नाही, आम्ही तिथंच थांबतो. तूच सांग, कशी सही करू?"

फोन ठेवला आणि उरलेले हूक लावायला बसले. राग आहे, आणि रागाच्या खाली अजून काहीतरी आहे, त्याला कोणत्याच भाषेतला शब्द…

ब्लाउज बावीसही दिले.

१४ एप्रिल

रॅलीत शेवंतामावशी सगळ्यांत पुढे, निळा झेंडा हातात. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता आणि आतली निळी अक्षरं पुसट दिसत होती, उलटी. मी मागून चालत होते. तेवढंच पाहत होते.

१६ एप्रिल

आजच्या पेपरात सरांची खूण नव्हती, तरी वाचलं. शनिवारी आणखी एक विमान आहे, बहुधा शेवटचं. नवी यादी लागणार. सर म्हणाले, "तुम्हाला आता माझी गरज नाही." वाईट वाटलं त्यांना, कळलं मला.

टेबलावर शब्द लिहिला नाही. त्याऐवजी प्राचीला इंग्रजीत निरोप लिहिला. मराठीत लिहिला असता तर "हो हो आई" करून तिने टाळला असता. चुका असतील. सरांना दाखवला नाही. ती काय उत्तर देईल तेही ठाऊक आहे. तिच्या जागी मी असते तर मीही तेच दिलं असतं, आणि हेच तिला कळू द्यायचं नाही.

पाठवला. मराठीत एवढाच होतो:

प्राची, तू का थांबलीस ते मला समजलं. तरीपण या वेळी यादीत नाव लिही.