उतारावरची पेटी

सेंट जॉन्स,
९ ऑक्टोबर १९८६

ती. बाबांस, व्हर्नाचा नमस्कार.

आईने पाठवलेले मोजे आणि मुरंबा पोचले. मुरंबा संपलासुद्धा.

पहिल्या परीक्षेत भौतिकशास्त्रात शंभरापैकी एकतीस पडले. कॅल्क्युलसमध्ये ऐंशी. सोमवारी कॅल्क्युलसचा गृहपाठ करते, तो सुटतो. गुरुवारी भौतिकची वही उघडली की एका जागी बसवत नाही. सूत्र बरोबर, आकृती बरोबर, उत्तर चूक. सरांकडे गेले, तर म्हणाले आकडेमोड नीट करत जा. कॅल्क्युलेटरच्या यंत्रावर चार-चारदा केली हो बाबा!

विषय सोडायची मुदत चोवीस तारखेपर्यंत आहे. सोडला तर जहाजबांधणीचं शिक्षण गेलंच. अर्ज भरून ठेवला आहे. रागावू नका. सोबत एक गणित पाठवते, मी काय करते ते बघा तरी.

आईला विचारलंय म्हणून सांगा.

तुमची,
व्हर्ना


लिटल कोव्ह,
१६ ऑक्टोबर

चि. व्हर्नास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आई म्हणाली, ती तिथे खोलीत फेऱ्या घालते आणि तुम्ही इथे अंगणात, दोघांना एका दोरीने बांधायला हवं. खरं आहे, हातात रंधा टिकत नाही. रविवारी प्रार्थनेत तुझं नाव घेतलं. उत्तर मागितलं नाही, ते बरं दिसत नाही.

माझी शाळा पाचवीत सुटली. पण तीस अंशांच्या गुळगुळीत उतारावर पेटी, हे मला कळतं. नावा ओढायचा आपला उतार तेवढाच आहे. तू पेटी घसरायचा बाण खाली काढलास आणि उत्तराला वजा लावलंस. म्हणजे तुझी पेटी आपली आपण वर चढते, तीही दगड पडावा तशी! असा उतार सापडला तर कळव. तीस वर्षं मी उगाच कंबर मोडून घेतली.

बारा फुटी फळी तीस अंशांवर धरली की टोक सहा फूट उचलतं. लावून मोजलं. निम्मं. तुझ्या कागदावर उंची भागिले लांबीला साइन म्हटलंय, पण तीसच्या साइनपुढे वजा काहीतरी आहे. तो आकडा तुझा की यंत्राचा? त्याला नुसतं तीसचं विचार. अर्धा म्हणालं नाही, तर चूक तुझी नाही.

अर्जाचं तूच ठरव. आमचा जीव तुझ्यात आहे, एवढं लक्षात असू दे.

बाबा


सेंट जॉन्स,
२३ ऑक्टोबर

ती. बाबांस नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी अर्ज घेऊन निघालेच होते. जिन्यातच बसून यंत्राला तीसचं विचारलं. वजा! मग पडद्याच्या कोपऱ्यातली ‘RAD’ ही बारीक अक्षरं दिसली. कॅल्क्युलसमध्ये कोन रेडियनमध्ये मोजतात, आणि एक रेडियन म्हणजे सुमारे सत्तावन्न अंश. सोमवारी मी यंत्र त्यावर लावते आणि गुरुवारी अंशांवर आणायला विसरते. तीसचा साइन अर्धा, हे शाळेपासून पाठ आहे; पण यंत्राला उलट विचारावं, हे सुचलंच नाही.

सरांना सांगितलं. खो-खो हसले. दरवर्षी असे दोघं-तिघं निघतात म्हणे. गुण मात्र वाढणार नाहीत. पुढच्या परीक्षेत सत्तर तरी हवेत.

अर्ज दिला नाही.

परीक्षेत चुकलेली सातही गणितं पुन्हा केली. पाच सुटली. दोन अजून चुकतात, यंत्र धड असूनही. ती दोन तुम्हाला पाठवत नाही, बाबा. त्या चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

तुम्हा दोघांची,
व्हर्ना