पानात लपवलेला लाल रंग

मॅडम, तुमाले जाऊन पाच वर्सं झाली. मी आता एकोनीसची आहो. वर्गात उठून बोलायची लाज वाटे म्हनून मी आठवीतच शाळा सोडली, आन् आईनं मले तुमच्या आमगावच्या कम्प्युटर क्लासात आनून बसवलं. तिथं तोंड उघडायचं काम नव्हतं.

नागझिऱ्याच्या जंगलाजवळच्या लॉजवाल्या शेठची वेबसाइट, तुमचं बाहेरचं पहिलंच काम. अर्धी पानं तुमी, अर्धी मी. तुमी म्हनल्या, "तू फक्त हेडिंग कोनतं, मजकूर कोनता, तेवढं लिही. रंग, अक्षराची साइज, सगळं माह्या स्टाइलच्या फाइलीत." मी विचारलं, "काऊन मॅडम?" "अवो, उद्या शेठचं मन फिरलं तर एकाच जागी बदलता येते." मले नाही पटलं. माहं पान उघडून पाहते तर पांढरंफटक. तुमची फाइल जोडली का लगेच सजते. म्हनजे मेहनत माही आन् रूप तुमचं? शेठसमोर माहं नाव तुमी घेसालच काऊन? मंग तुमी चहाले गेल्या का मी माह्या पानांतल्या एकेका हेडिंगच्या आत लाल रंग लिहून ठेवे. तुमच्या फाइलीतबी लालच होता, म्हनून कोनाले दिसलं नाही.

शेठ आला. "मॅडम, जंगल का काम है, लाल हटाओ, हरा करो." "दोन मिनिट बसा शेठजी," म्हनून तुमी एकच ओळ बदलली. तुमची पानं हिरवी झाली, माही लालच; आत लिहिलेला रंग फाइलीचं ऐकत नाही. शेठ हसला, "मॅडम, आपकी तो आधी मिर्ची हरी, आधी पक गई!"

तुमी माह्याकडं वळल्या. "आत रंग टाकला का वो?" मी नाही म्हनून मान हलवली. म्हनली, "व्हायरस असन." तुमी शेठले तेच सांगितलं. व्हायरसवाल्या मशीनवर भरोसा नाही म्हने शेठ, आन् काम गोंदियाले घेऊन गेला. तुमी दुपारभर मशीन तपासली. काई सापडलं नाही. मले रागावल्याबी नाही. तुमाले कळलं होतं, असा मले अजून संशय आहे. पुढच्याच साली तुमी तापानं गेल्या.

आता माह्याकडं एक पोरगी शिकायले येते. मीबी तिले रंग वेगळ्या फाइलीत ठेवाले सांगते. ती घरी गेली का मी तिचं एकेक पान उघडून आत काई लपवलं का पाहते. परवा तिनं धरलंच मले. "ताई, भरोसा नाही का माह्यावर?" मी म्हनली, "आमच्या मॅडमबी असंच तपासत."

तुमी माही पानं कधीच तपासली नाही, मॅडम. तपासली असती तर पहिल्याच दिवशी सापडली असती मी.