शिफ्ट करायचं सामान

२ मे
मुलाची, विलासची, बदली गुवाहाटीला. बँकेचा हुकूम. सकाळपासून घरात एकच शब्द, शिफ्ट. फ्रीज शिफ्ट, कपाट शिफ्ट, नात रेवा इथल्याच गोपालपुऱ्याच्या होस्टेलात शिफ्ट. मी चौथी पास, पण एवढं इंग्रजी कळतं. माझं नाव अजून कुणी घेतलं नाही.

४ मे
सुनेला विचारलं, शेजारच्या वर्माजींनापण दवाखान्यात शिफ्टच केलं होतं ना? तेराव्याचे लाडू तूच खाल्लेस.
मंजिरी म्हणाली, "आई, काय हे तोंड तुमचं."
तोंड माहेरचं आहे. बदलीत मिळालेलं नाही.

७ मे
सामान नेणारा माणूस आला. न्यायचं त्याला निळी चिठ्ठी, टाकायचं त्याला लाल. माझ्या पलंगाला लाल.
"जुना झालाय, आई."
माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे तो.
दुपारी रेवा आली. "आजी, पापा तुला इथेच सोडाला भागात शिफ्ट करणार आहेत. वृद्धाश्रम नाही, मतलब... तिकडे मंदिर पण आहे." पोरगी रडायला लागली. म्हटलं, नाक पूस. तुझ्या बापाला सांगायला जीभ नव्हती, तुला पाठवलं.

९ मे
सोडालाची जागा बघून आलो. एका खोलीत तिघी, चौथी खाट रिकामी. गादीला खड्डा. आधीची कुठे शिफ्ट झाली ते विचारलं नाही.
एक म्हातारी म्हणाली, "बेटा छोड़ रहा है या बेटी?"
म्हटलं, देखने आई हूँ.
"सब देखने ही आते हैं."
विलास बाहेर मोबाईलवर. उन्हात उभा राहिला, आत आला नाही.

११ मे
उद्या ट्रक. विलास फॉर्म घेऊन आला. "आई, इथे सही."
वाच म्हटलं. वाचेना. मीच वाचलं, हिंदी येते मला. 'अपनी इच्छा से रहना चाहती हूँ.'
"इच्छा कुणाची रे?"
पेन माझ्या हातात देऊन तिथेच बसला.
सासूला धाकट्या दिराकडे पाठवलं तेव्हा मीपण असाच कागद केला होता, राजीखुशीनं जाते म्हणून. ती मूठ उघडेना. मी बोटं सोडवली, अंगठा धरला, उमटवला. तेव्हा शिफ्ट म्हणत नव्हते, एवढाच फरक.
त्याचं पेन खाली ठेवलं. म्हटलं, सही हवी तर माझा हात धर आणि कर.
अजून बसलाय समोर. माझ्या हाताकडे बघतोय.