बाबांचा उजवा हात

बाबा, गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ती सकाळ आहे. मी माहेरपणाला पवनीला आलेली. तुम्ही मागावर बसला आहात, मी चुलीवर चहा ठेवते आहे, आणि मागाची खटखट एकदम थांबते. आडवं सूत नेणारा धोटा खाली पडलेला, उजवा हात मांडीशी लोंबणारा, आणि तुम्ही काय बोलता तेच कळेना. आईला वाटलं, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे. "आधी थुका ना, मंग बोला," ती म्हणाली. तोंडात काहीच नव्हतं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला रक्त नेणारी नस बंद झाली. वयाबरोबर नसा कडक होत जातात, त्यात बीपी कित्येक वर्षं वाढलेलं. गोळ्या तर घरात होत्या. आई कुरकुरली की तुम्ही म्हणायचात, "मले काही होऊनच नाही राहिलं, तं गोळी कायले खाऊ?" आणि खरंच, अड्याळच्या बाजाराला लुगड्यांचं गाठोडं खांद्यावर टाकून निघालात की मी मागे पडायची.

होळीपर्यंत मी तिथेच राहिले. एकदा डाव्या हातानं जेवताना वरण सदऱ्यावर ओघळलं. मी भरवायला पुढे झाले, तर तुम्ही ताटच ओढून घेतलंत. "सां... सांडू दे. शिकून राहिलो ना मी!" मला रागही आला, रडूही. पुढे तुम्ही मला मागाशी बसवलंत. डाव्या हातानं धोटा सरकवायचात, पलीकडून मी परत करायची. असा एक पंचा विणला आपण, काठ पार वाकडा. "ने, तुलेच. बाजारात कोणी घेत नाही हा," म्हणून किती हसलात! पुढच्या वर्षी दुसरा झटका आला आणि तुम्ही गेलात.

आता मी तुमच्या त्या वयाची आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी माझं बीपी पुन्हा पुन्हा मोजलं. म्हणाल्या, काही त्रास नसला तरी गोळी रोज घ्यायची, हृदय आणि मेंदू दोन्ही सांभाळायचे आहेत. घेते मी, न चुकता. मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाला होतं का?" "बाबांना," एवढंच सांगायचं होतं. पण मी बोलतच राहिले, बाहेर पेशंट खोळंबले तरी.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. दवाखान्यात तिथे मला भीती वाटायला हवी होती. पण कितीतरी वर्षांनी कोणीतरी तुमच्याबद्दल विचारलं होतं, आणि मला फार बरं वाटत होतं.