तळमजल्यावरची मु.

दि. ४ मे

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. या खेपेला नुसता लिहायचा म्हणून नाही, खरोखर आडवा पडून घातलाय असं समज. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

इकडे सगळे मजेत. तुझ्या भाचीचा पुढचा दात पडला. तुझ्या नव्या शाळेची इमारतही उभी राहिली बरं का! वर्ग हवेशीर झालेत, खिडक्या तू सांगितल्यास तशा पोरांच्या उंचीच्या. रंग आमच्या बांधकाम खात्याच्या साहेबांनी निवडला, त्याबद्दल न बोललेलं बरं. तुझी खोली... तिच्याकडे येतोच. कुंपण झालं. फाटक झालं. फाटकाला कुलूपसुद्धा झालं.

बरं, सांगतो.

आजवर तू शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात, खडूंच्या खोक्यांमागे बसून शाळा चालवलीस. कोणाची आई रडायला आली, तरी बिचारीला सगळ्यांदेखत रडावं लागायचं. म्हणून नकाशात पहिली खोली मी तुझीच आखली, फाटकातून येणारं प्रत्येक पोर दिसेल अशी. नकाशावर तिचा चौकोन एवढासा, त्यात 'मुख्याध्यापिका' काही मावेना. मी लिहिलं 'मु.'

आणि कांजिण्यांनी आडवा झालो. (या वयात. हसू नकोस.) परत येऊन बघतो, तर तुझ्या खोलीत मुतारी!

हो, मुतारी. पांढऱ्याशुभ्र टाइल्स, मधे आडभिंत, एकीकडे मुलगे, एकीकडे मुली, सगळं लहानग्यांच्या मापाचं. पाणी येतं आणि वाहूनही जातं, जे आमच्या खात्यात सहसा घडत नाही. प्लंबरला धरलं, तर तो शांतपणे म्हणतो, "साहेब, 'मु.' म्हणजे दुसरं काय असणार? शेजारीच पाण्याची लाइन होती, मला वाटलं किती विचार करून काढलाय नकाशा!" मी कपाळावर हात मारून घेतला.

प्रत्येक बैठकीत तू भांडत होतीस ना, बालवर्गाची पोरं मुतारीसाठी दोन मजले चढणार कशी, निम्म्या जिन्यातच कार्यक्रम उरकेल म्हणून? साहेब म्हणायचे, तळमजल्यावर जागा नाही. जागा होती गं ताई. तुझी होती.

आता साहेब म्हणतात, फोडा आणि खोली करा. दुसरी खोली काढायला कुठेच जागा नाही, मी टेप घेऊन सगळीकडे फिरलो. सोमवारच्या आत कळव, फोडू की ठेवू? खोलीच हवी म्हणालीस, तर मी स्वतः घण उचलेन. मेमो मिळायचा तो मिळेल. तुला एक दार असावं, असं मला फार वाटत होतं.

तुझा,
तोंड दाखवायला घाबरणारा भाऊ

दि. ७ मे

चि. ढब्बू यास,

अनेक आशीर्वाद, एक धपाटा राखून. कांजिण्या खाजवल्या नाहीस ना?

तुझं पत्र वाचून आधी रडले. खोलीसाठीच रडले, खोटं कशाला बोलू! पडद्याचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. मग तुझा प्लंबर डोळ्यांसमोर आला आणि इतकी हसले, की शेजारीण दार वाजवून गेली.

फोडायचं नाही. एका टाइलला टवका उडाला तरी गाठ माझ्याशी आहे. साहेबांना सांग, मुख्याध्यापिकेनेच मागितली होती. घसा फुटेस्तोवर मागितली, ते स्वतः साक्षीला आहेत. तरीही तुला मेमो आलाच, तर माझ्याकडे पाठव. शुद्धलेखन तपासून परत करते.

मी बसेन कुठेही. मला थांबता येतं रे, पोरांना येत नाही.

आणि हे बघ, माझ्या नावाची पाटी तू कधीच रंगवून दारावर ठोकली असशील. मी ओळखते तुला. तेवढी आजच्या आज काढ.

तुझी,
बिनखोलीची ताई